ढ रांगेतली बारावी खुर्ची

बाबांनी चाळीस वर्षं रंगाऱ्याचं काम केलं. तीन-तीन मजले उंच बांबूंवर एका पायावर उभं राहून त्यांनी खिडक्यांच्या वरच्या कडा रंगवल्या, पण कधी पडले नाहीत. पडले ते निवृत्तीनंतर, स्वयंपाकघरातल्या दीड फुटी स्टुलावरून, आणि तेही बल्ब बदलून झाल्यावर, उतरताना. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात कागद भरणाऱ्या बाईंनी विचारलं, "कशावरून पडलात?" तर स्ट्रेचरवर आडवे झालेले बाबा कण्हत म्हणाले, "शिडी लिहा. या धंद्यात माझं नाव आहे."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि विचारलं, "फॉर्म आला का?"

मुलाला घरात सगळे भिंग्या म्हणत. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तो भिंगं घासायचा, फ्रेमच्या मापाने कापायचा आणि मोहरीपेक्षा बारीक स्क्रूंनी चष्म्यांना दांड्या बसवायचा. वय एकतीस, उंची सहा फूट दोन इंच. वयाचं काही नाही, पण ही उंची पुढे नडणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवलेली बरी.

फॉर्म म्हणजे फुटबॉलच्या हंगामी पासाचा. त्यांच्या शहराच्या संघाची जर्सी क्लबच्या म्हणण्यानुसार समुद्री हिरवी होती. बाबांच्या मते, म्हणजे ज्याला खरंच रंगातलं कळतं अशा माणसाच्या मते, तो बिघडलेला निळा होता. पण या बिघडलेल्या निळ्यामागे ते चोवीस हंगाम उभे होते. उभे कसले, बसले होते. उत्तर गॅलरी, ढ रांग, खुर्ची क्रमांक बारा. या चोवीस हंगामांत घरच्या मैदानावर चारशे बत्तीस सामने झाले, त्यांतले चारशे एकोणतीस बाबांनी पाहिले. राहिलेल्या तिनांपैकी एकदा सासरे वारले, एकदा कांजिण्या आल्या, आणि एकदा ते चुकीच्या दारातून शिरून शेजारच्या हॉलमधल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात जाऊन बसले आणि मध्येच उठणं बरं दिसत नाही म्हणून शेवटपर्यंत थांबले. संघाने जिंकले ते सदुसष्ट. त्यांतला एक कुत्र्यांच्या दिवशी.

क्लबची एक रीत होती. ज्याने सलग पंचवीस हंगाम एकच खुर्ची राखली, त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हंगामाच्या शेवटच्या घरच्या सामन्याआधी पितळी पट्टी लागायची. क्लबकडे चषक असे नव्हतेच, त्यामुळे जे काही पितळ होतं ते प्रेक्षकांमध्येच वाटलं जाई. बाबांचा हा पंचविसावा हंगाम.

त्यांनी पाठीवर पडल्या-पडल्या, छताकडे तोंड करून फॉर्मवर सही केली. "छतं रंगवून हात बसलाय," म्हणाले. मग कागद भिंग्याच्या हातात दिला. "महिनाअखेरीच्या आत पोचला पाहिजे. टपालाने नको. हातोहात दे."

"देतो," भिंग्या म्हणाला.

आणि दिला नाही.

विसरला असता तर एक वेळ चाललं असतं. विसरणं हा गुन्हा नाही, आजार आहे. पण भिंग्याने विचार केला. संघ हरला की बाबा मंगळवारपर्यंत माणसात नसत. रविवारी संध्याकाळी घरात आले की मोजे काढता काढता "खेळले चांगले" एवढंच म्हणत आणि ताटातलं अन्न चिवडत बसत. सोमवारी ते भिंतीशी बोलत, तेही रंगाबद्दल. मंगळवारी दुपारी कुठे त्यांना भूक लागे. भिंग्याने दुकानात एका कागदावर हिशेब मांडला: पराभव आणि बरोबऱ्या मिळून तीनशे पासष्ट, प्रत्येकी दोन दिवस, म्हणजे दोन वर्षं. माणसाने आयुष्यातली दोन वर्षं बिघडलेल्या निळ्यापायी तोंड पाडून काढली होती. वर आता खुबा. वर रक्तदाब. दोन वर्षांच्या बदल्यात एक पितळी पट्टी, ती पण पाठीमागे, म्हणजे बसल्यावर स्वतःला दिसणार नाही अशी. याला कुठल्या तोंडाने परवडलं म्हणायचं?

तर पुण्यकर्म म्हणून त्याने तो फॉर्म नाकाच्या गाद्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. चष्म्याच्या नाकावर टेकणाऱ्या त्या मऊ गाद्या. तिथे दुसरं कुणी हात घालत नसे. महिनाअखेर आली आणि गेली. कुणी साधं शिंकलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी बाबा घरी आले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "एकेचाळीस पायऱ्या कधी चढता येतील?"

"एकेचाळीसच का?"

"ढ रांगेला तेवढ्याच आहेत."

बाई म्हणाल्या, घाई करू नका, आठवड्याला दोन-तीन वाढवत न्या. घर तळमजल्यावर होतं, जिना दाराबाहेरच. पहिल्या दिवशी बाबा तीन पायऱ्या चढले आणि खिशातून पेन्सिल काढून भिंतीवर बारीक रेघ ओढली. रंगाऱ्याची रेघ, ती वाकडी कशाला येईल. भिंग्या खाली हात पसरून उभा होता, तोल गेला तर झेलायला.

"मोज रे," बाबा म्हणाले. "मला दम लागतो, माझ्याने मोजवत नाही."

भिंग्याने मोजलं. एक, दोन, तीन. तीन म्हणताना त्याच्या पोटात काहीतरी हललं, पण त्याला वाटलं भूक असेल.

ती भूक नव्हती हे सात पायऱ्या झाल्यावर कळलं. तेरा झाल्या तेव्हा त्याची जेवणावरची वासनाच उडाली. रोज संध्याकाळी दुकानातून यायचं, खाली उभं राहायचं आणि नसलेल्या खुर्चीकडे एकेक पायरी चढणाऱ्या आपल्या बापाला आकडे पुरवायचे. सांगायला हवं होतं. त्याने ठरवलंही होतं, पंधरा झाल्या की सांगू. पंधराव्या पायरीवर बाबांनी वळून इतकं हसून पाहिलं की भिंग्याने वीस ठरवले.

मनाला खाऊ लागलं की भिंग्या घरकाम करी, ही त्याची लहानपणापासूनची खोड. त्याने आधी भांडी घासली, मग पंखे पुसले, मग कपाट पुढे ओढून मागची भिंत धुतली. एका रविवारी तो टूथब्रशने दाराची बिजागरी घासत होता. आई वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर काम करायची आणि उशिरा पुस्तक आणणाऱ्याचा चेहरा तिला दारातूनच ओळखू यायचा. ती थोडा वेळ बघत उभी राहिली.

"काय केलंयस?"

"काही नाही."

"सातवीत शेजाऱ्यांची काच फोडलीस तेव्हा तू नुसती मोरी धुतली होतीस. हे त्याहून मोठं दिसतंय."

"गंज चढला होता, आई."

"हो का," आई म्हणाली. "मग खिडक्यांनाही चढलाय. तेही घे उरकून. मग सांग."

त्याने खिडक्या उरकल्या. सांगितलं नाही.

त्यातून आक्रीत असं की संघ जिंकायला लागला. घरच्या मैदानावर लागोपाठ तीन सामने. बाबा रेडिओपुढे बसून ऐकायचे, आणि प्रत्येक विजयानंतर त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी त्यांना न बोलावता घरात जेवणावळ उरकली.

"चोवीस वर्षं मी बसलो तर यांना चेंडू आणि चिंच यातला फरक कळत नव्हता," ते म्हणाले. "आता तिथे माझी खुर्ची एकटी बसलीय, आणि हे जिंकतायत."

भिंग्याने धीर करून विचारलं, "बाबा, खरं सांगा. एवढ्या वर्षांत त्या पासाचं सार्थक झालं असं वाटतं?"

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू ओल्या भिंतीला कुणीतरी हात लावलाय. "अरे, जिंकायचंच असेल तर टीव्ही आहे. वाटेल तो संघ लावावा. पास त्यासाठी नसतो."

"मग कशासाठी असतो?"

"जाण्यासाठी," बाबा म्हणाले आणि काठी मागितली. त्या दिवशी सव्वीस झाल्या.

सोमवारी भिंग्या दुपारची सुट्टी घेऊन क्लबच्या कचेरीत गेला. खिडकीमागचा कारकून शांतपणे पेन्सिलीला टोक काढत होता.

"ढ बारा?" कारकुनाने वही पाहिली. "गेली."

"गेली म्हणजे? एकूण खुर्च्या किती आहेत?"

"एकोणीस हजार."

"भरतात किती?"

"पाच. जिंकत असलो तर सहा."

"तेरा हजार खुर्च्या रिकाम्या आहेत आणि नेमकी हीच गेली?"

"नेमकी हीच. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही दार उघडायच्या आधी एक बाई पायरीवर येऊन बसल्या होत्या. उशी घेऊन."

"पण माझे बाबा सलग चोवीस वर्षं—"

"तोडलं की सलग राहत नाही ना साहेब," कारकून म्हणाला. बोलण्यात कुचकेपणा नव्हता. त्याने टोक फुंकलं. "वाईट वाटलं. छोटेसे गृहस्थ होते ना?"

पुढच्या घरच्या सामन्याला भिंग्या बाबांना "दुकानात काम आहे" सांगून मैदानावर गेला. एकेचाळीस पायऱ्या त्याने स्वतः मोजल्या. ढ रांगेतली बारावी खुर्ची रिकामी होती. तो तिच्यात बसला, कारण उभं राहून रडणं बरं दिसलं नसतं. बसतो न बसतो तोच मागून खांद्याला छत्रीचं टोक लागलं.

"उठा."

मागे ण रांगेत, एका जाड उशीवर, पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, पण हे नंतर कळलं. आवाजावरून आधीच कळलं होतं.

"ही खुर्ची—" भिंग्या म्हणाला.

"माझी आहे. जिच्यात मी बसलेय ती माझी, आणि तुम्ही बसलाय तीही माझी. हिच्यात मी बसते आणि तिच्यात कुणी बसत नाही. त्याचसाठी घेतलीय."

"मी बारा नंबरचा मुलगा."

बाईंनी त्याला खालून वरपर्यंत पाहिलं. जरा वेळ लागला. "काहीतरीच. बारा केवढे आणि तुम्ही केवढे."

"आईवर गेलोय."

"तुमचे वडील म्हणजे देवमाणूस," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मांडीवरची छत्री आडवी केली. "पाच फूट दोन इंच. एकोणीस वर्षं त्यांच्या डोक्यावरून मला अख्खं मैदान दिसलंय. गोल झाला तरी उठायचे नाहीत. फॉर्म आला नाही असं क्लबात कळलं. आम्ही सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. मग माझ्या मनात आलं, आता इथे कुणी ताडमाड येऊन बसला तर? म्हणून दुसऱ्या दिवशी जाऊन खुर्ची घेऊन टाकली."

"स्तब्ध का उभे राहिलात?"

"ते गेले म्हणून."

"कोण गेले? बाबा घरी आहेत."

बाईंच्या शेजारी एक जाडजूड गृहस्थ बसले होते. बाजारात किल्ल्या बनवायचं दुकान होतं त्यांचं. ते पुढे वाकले. "घरी म्हणजे? आम्ही तर म्हणत होतो, बारा वरून बघतायत म्हणून जिंकतोय आपण."

"वर नाहीत. तळमजल्यावर आहेत. खुबा मोडलाय."

किल्लीवाल्यांना आनंद झाला, हे दिसत होतं, पण त्या आनंदाला एक काळजीही चिकटली होती. "जिवंत आहेत, हे फार चांगलं झालं. पण मग आपण जिंकतोय कशाने?"

बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या भिंग्याकडे बघत होत्या, तोंडात काहीतरी लपवलेल्या पोराकडे बघावं तशा. "फॉर्म का नाही आला मग?"

आणि जे त्याला आईपुढे, बाबांपुढे, सव्वीस पायऱ्यांपुढे जमलं नव्हतं, ते त्याने त्या अनोळखी बाईंना सांगून टाकलं. सही, ड्रॉवर, नाकाच्या गाद्या, सगळं. सांगून झालं तोवर संघाने एक गोल केला होता आणि किल्लीवाले सोडून कुणी पाहिला नव्हता.

"घरी सांगितलंत?"

"सांगणार आहे."

"कधी?"

"एकेचाळीस झाल्या की."

"म्हणजे नाही." बाईंनी उशी सारखी केली. "खुर्ची मी परत देत नाही, आधीच सांगते. रिकामी खुर्ची बुटक्या माणसाहूनही बरी असते, हे मला या वर्षी कळलं. पण शेवटच्या सामन्याला आणा त्यांना. माझा पास त्या दिवशी त्यांना वापरू दे. एकोणीस वर्षं मी त्यांच्या मानेशी बोलतेय. डाव्या कानाखाली तीळ आहे. चेहरा पाहिलेला नाही अजून."

"पण पट्टी?" भिंग्या म्हणाला. "ते पट्टी शोधतील."

किल्लीवाले घसा खाकरून म्हणाले, "पितळ आहे माझ्याकडे. कोरायचं यंत्रही आहे."

चांगली माणसं चुकीच्या कामाला अशी चटकन मदत करतात, आणि ती केली की पाप वाटून घेतल्यासारखं हलकं वाटतं, निदान घरी पोचेपर्यंत. दाराशी बाबा उभे होते. "एकोणतीस," ते म्हणाले. "आईने मोजल्या. तू असतास तर तीस झाल्या असत्या."

भिंग्याने त्या संध्याकाळी गॅसची शेगडी सुटी केली आणि पुन्हा जोडली.

शेवटच्या सामन्याच्या आठ दिवस आधी एकेचाळीस झाल्या. एकेचाळिसावी पायरी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर येत होती. बाबा तिच्यावर बसले, काठी आडवी ठेवली आणि खाली पाहत राहिले. खाली जिन्याचा कठडा होता, शेजाऱ्यांची सायकल होती आणि वर मान करून उभा असलेला भिंग्या होता.

"इथून अस्संच दिसतं," बाबा म्हणाले. "फक्त तू हिरवा पाहिजेस."

आता सांग, असं भिंग्याने स्वतःला बजावलं. तोंडही उघडलं. तोंडातून निघालं, "एकेचाळीस."

सामन्याच्या दिवशी "मी पुढे होऊन रांग लावतो" म्हणून तो सकाळीच निघाला. बाबांना टॅक्सीने घेऊन यायचं काम आईकडे दिलं. मैदानाची दारं उघडली तसा तो आणि किल्लीवाले ढ रांगेशी पोचले. पट्टी सुरेख झाली होती: वर संघाचं चिन्ह, खाली "सलग पंचवीस हंगाम". भिंग्याने खिशातली स्क्रूंची डबी काढली, बारीक ड्रिलने प्लॅस्टिकला भोकं पाडली आणि चार कोपऱ्यांवर चार स्क्रू इतक्या सफाईने बसवले की किल्लीवाले म्हणाले, "क्लबला हे सात जन्मांत जमलं नसतं." भिंग्याला क्षणभर अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाचीच मग लाज वाटली.

दुपारी बाबा आले. एका हातात काठी, दुसरा हात आईच्या खांद्यावर. भिंग्या खाली धावला, पण त्यांनी मानेनेच नको म्हटलं. एकेचाळीस पायऱ्या ते स्वतः मोजत चढले. वर पोचले तेव्हा अख्खी ण रांग उठून उभी होती. एका आजोबांनी त्यांच्या दंडाला बोट लावून पाहिलं.

"हे असे काय बघतायत?" बाबांनी हळूच विचारलं.

"आठवण काढत होते सगळे."

उशीवाल्या बाईंनी बाबांचा चेहरा बारकाईने न्याहाळला. "मला वाटलं होतं मिशी असेल," त्या म्हणाल्या.

"होती," बाबा म्हणाले. "रंगात जायची."

मग त्यांनी पट्टी पाहिली. पुसायला हात पुढे केला आणि अंगठा अक्षरांवरून फिरवला, हळूहळू, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. भिंग्याचा जीव त्या अंगठ्याखाली होता. अंगठा कोपऱ्यावर येऊन थांबला. बाबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, त्याची दांडी पट्टीच्या कोपऱ्याशी नेली, आणि डोळे बारीक करून एकदा दांडीचा स्क्रू पाहिला, एकदा पट्टीचा.

खाली शिट्टी वाजली. सामना सुरू झाला.

बाबा बसले. शेजारची खुर्ची रिकामी होती, भिंग्या तिच्यात बसला. आई पलीकडे पिशवीतून पाण्याची बाटली काढत होती, ती काढायचं थांबली.

"तुझ्या पुढची खुर्ची बघ," बाबा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "तिलाही पट्टी आहे. कशाने बसवलीय?"

भिंग्याने पाहिलं. "रिव्हेटने."

"सतरा वर्षं मी ते रिव्हेट बघतोय. एक डावीकडे कलंडलंय. क्लबला सरळ काही येत नाही." त्यांनी अंगठा खांद्यावरून मागे केला. "ही पट्टी सरळ आहे."

खाली पाहुण्यांनी पहिला गोल केला. ण रांगेतून एक लांब, ओळखीचा सुस्कारा आला.

"फॉर्म मी दिला नाही," भिंग्या म्हणाला. "विसरलो नाही. ठेवून दिला. खुर्ची मागच्या बाईंची आहे. पट्टी मी लावली."

बाबा मैदानाकडे बघत राहिले. चेंडू दोनदा बाहेर गेला आणि दोनदा आत आला.

"का?"

"तुम्हाला त्रास होतो. हरले की तुम्ही जेवत नाही. मला वाटलं—"

"होतो त्रास."

"मग?"

"मग काय? माझा त्रास आहे तो. तुझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायला दिला होता का मी?"

बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, कानामागे नीट बसवला, आणि मग ते बोलले ते इतकं हळू की मागच्या बाईंना पुढे वाकावं लागलं.

"फॉर्मचं एक वेळ जाऊ दे. मी रोज जिना चढत होतो. आणि तू खाली उभा राहून मोजत होतास."

भिंग्याने मान खाली घातली. त्याला काहीतरी घासायला हवं होतं, पण आसपास काही मिळेना.

"काढ ती पट्टी," बाबा म्हणाले.

"आता?"

"आता."

बाबा काठीवर भार देऊन उभे राहिले. भिंग्याने खिशातून बोटभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर काढला, तो त्याच्याकडे कायम असायचा, आणि खुर्चीच्या मागे गुडघ्यांवर बसला. पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघाला. तिसरा त्याच्या बोटांतून निसटला आणि ण रांगेच्या पायांत कुठेतरी गेला.

"हलू नका कुणी," बाबा म्हणाले. हा मात्र जुना, कामावरचा आवाज होता. "तो उद्या कुणाच्या तरी चष्म्याला लागायचाय."

कुणी हललं नाही. मग सगळेच खाली वाकले. किल्लीवाले ओणवे झाले, बाईंनी उशी उचलून झटकली, आईने पर्समधली बॅटरी लावली, मघाच्या आजोबांनी दुसऱ्याच कुणाचं तरी हरवलेलं बटण शोधून दिलं. त्याच वेळी मैदानात जोराची आरोळी उठली आणि विरली. स्क्रू किल्लीवाल्यांच्या बुटाच्या खाचेत सापडला. सगळ्यांनी माना वर केल्या, तर फलकावर एक-एक.

"आपला झाला?" बाईंनी विचारलं.

"झाला म्हणायचा," किल्लीवाले म्हणाले. "कसा झाला कुणी पाहिला?"

कुणीच पाहिला नव्हता. त्यानंतर पाहुण्यांनी मध्यंतराआधी दोन केले, ते मात्र सगळ्यांनी नीट पाहिले. बाबांच्या मानेकडे बघून किल्लीवाल्यांनी एक सुस्कारा टाकला.

मध्यंतरात बाबांनी पट्टी मागून घेतली, रुमालात गुंडाळली आणि आईच्या पिशवीत ठेवायला दिली. मग भिंग्याकडे न बघता म्हणाले, "सोमवारी कचेरीतून फॉर्म आण. दोन."

"दोन?"

"एक माझा, एक तुझा. बारा बाईंची आहे, आपण तेरा-चौदा घेऊ. पहिल्यापासून सुरू. पंचवीस झाले की मी चौऱ्याण्णवचा असेन, तू छप्पन्नचा. माझं काही झालं तरी तू यायचं. कांजिण्या आल्या तर चालेल."

"बाबा, मला फुटबॉल कळत नाही."

"त्यांनाही कळत नाही," बाबांनी मैदानाकडे बोट केलं. "आणि फॉर्म द्यायला मी येणार. खिडकीतून आत मी टाकणार. तू बाजूला उभा राहायचंस. मोजायचं काही नाही."

शिक्षा रास्त होती. दोन वर्षांचा तो हिशेब त्याला आठवला आणि त्याने तो मनातल्या मनात स्वतःच्या नावावर चढवून पाहिला.

पण पाठीमागे कुजबूज सुरू झाली होती. तेराच्या मागची खुर्ची किल्लीवाल्यांची. ते उठून बाईंशी बोलले, बाईंनी छत्रीने हवेतच काहीतरी मापलं, मग पुढे वाकल्या.

"बारा," त्या बाबांना म्हणाल्या, "तुमचा मुलगा बसायला आमची ना नाही. पण असा नाही बसायचा."

"कसा बसेल म्हणता?"

"तुमच्याएवढा."

बाबांनी भिंग्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच, नीट, डोळ्यांत. "ऐकलंस ना," म्हणाले.

उत्तरार्ध सुरू झाला. भिंग्या खुर्चीत खाली सरकला. पाठीचा कणा सीटवर आला, गुडघे पुढच्या पट्टीवर टेकले, त्या कलंडलेल्या रिव्हेटचं टोक उजव्या गुडघ्याला रुतू लागलं. पाहुण्यांनी चौथा गोल केला. शेजारी बाबा काठीवर हनुवटी टेकून, पूर्वीसारखंच, न उठता बघत होते. डाव्या कानाखाली तीळ होता. भिंग्याने तो इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.

मागून डोक्याला छत्रीचं टोक लागलं.

"अजून थोडं," बाई म्हणाल्या.

तो अजून थोडा खाली सरकला.